डॉ. गिब्सन आणि मुंबई इलाख्यांतील वनरक्षण

वनांचें रक्षण हा एखाद्याच्या आयुष्याचा व्यवसाय होऊं शकतो, ही कल्पना आपल्याकडे फार जुनी नाहीं. देवराई राखावी हें लोक पूर्वापार जाणत होते. परंतु वनांसाठीं पगारी अधिकारी, त्याची कचेरी आणि त्याचे नियम हीं एकोणिसाव्या शतकांतलीं आहेत. मुंबई इलाख्यांत या व्यवसायाचा आरंभ अलेक्झांडर गिब्सन या स्कॉटिश डॉक्टरापासून धरावा लागतो.

तत्पूर्वीं कंपनी सरकारचें लक्ष जंगलांकडे होतें, पण तें जहाजांच्या सागवानापुरतें. मुंबईच्या गोदींत १८१७ सालीं बांधलेलें ‘ट्रिंकोमाली’ हें सागवानी लढाऊ जहाज आजहि इंग्लंडांत जतन केलेलें आहे. मलबारांत १८०६ सालीं कॅप्टन वॉटसन यांची नेमणूक झाली ती सागासाठींच. तिजविरुद्ध लोकांचा असंतोष वाढत गेला आणि १८२३ सालीं ती जागाच मोडण्यांत आली.

गिब्सन यांचा जन्म १८०० सालचा. १८३६ ते १८३८ पर्यंत ते दख्खन व खानदेश या प्रांतांत देवी टोंचण्याच्या कामावर होते. पुढें पुण्याजवळील दापोडीच्या सरकारी बागेची व्यवस्था त्यांजकडे आली. तेथें औषधी वनस्पतींची लागवड होई व सरकारी दवाखान्यांस औषधें पुरविलीं जात. बागेतील वनस्पतींचीं त्यांनीं एका एतद्देशीय चित्रकाराकडून काढविलेलीं चित्रें एडिंबरो येथील वनस्पति-उद्यानांत आहेत.

कोंकणांत त्यांनीं एक गोष्ट हेरली. डोंगर उघडे पडले, कीं पावसाबरोबर माती वाहून जाते. ती खाड्यांत सांचून त्या उथळ होतात, आणि वरचे झरे आटूं लागतात. जंगल म्हणजे नुसती लांकडाची वखार नव्हे, तर पाण्याचें मूळ आहे, हा विचार त्यांनीं सरकारपुढें मांडला. १८४७ सालीं ते इलाख्याचे कॉन्झर्व्हेटर झाले व १८६० पर्यंत त्या पदावर राहिले. त्यांचे सहकारी डॅल्झेल यांनीं तेंच काम पुढें चालविलें. दोघांचा ‘बॉम्बे फ्लोरा’ हा ग्रंथ १८६१ सालीं निघाला. मद्रासेस १८५६ सालीं क्लेगहॉर्न यांची नेमणूक झाली व १८६४ सालीं ब्रँडिस हे सर्व हिंदुस्थानचे पहिले मुख्य वनाधिकारी झाले. डॉक्टराच्या फावल्या वेळांतील छंदाचें अशा रीतीनें एक मोठें खातें बनलें.

परंतु या खात्याची दुसरी बाजूहि इतिहासानें नोंदलेली आहे. १८७८ च्या कायद्यानें राखीव जंगलें आंखलीं गेलीं, तेव्हां गुरांचीं कुरणें व सरपण यांवर बंधनें आलीं. महात्मा जोतीराव फुले यांनीं १८८३ सालीं पूर्ण केलेल्या ‘शेतकऱ्याचा असूड’ या ग्रंथांत जंगलखात्यावर कडक टीका केली. ठाणें व कुलाबा जिल्ह्यांत भाताच्या राबासाठीं झाडांचा पाला तोडण्याचा प्रश्न इतका पेटला, कीं १८८५ सालीं सरकारास चौकशीमंडळ नेमावें लागलें.

झरे राखावयाचे ते ज्या गांवांसाठीं, त्याच गांवांना रानाच्या कुंपणाबाहेर ठेवलें, तर रक्षणाचा हेतूच हरपतो. गिब्सन यांनीं पाण्याचा संबंध ओळखला, हें त्यांचें ऋण मोठें आहे. माणसांचा संबंध राखण्याचें काम मात्र त्यांच्या नंतरच्या पिढ्यांकडे आलें, आणि वनरक्षणांत आयुष्य वेंचणाऱ्या प्रत्येकाची पारख आजहि त्याच कामावरून होते.