साखरखेर्ड्याची लढाई (१७२४) व तिचे राजकीय परिणाम

बुलढाणा जिल्ह्यातील सिंदखेड राजा तालुक्यात असलेल्या साखरखेर्डा येथे ११ ऑक्टोबर १७२४ रोजी (जुन्या गणनेनुसार ३० सप्टेंबर) निजाम-उल-मुल्क व हैदराबादचा सुभेदार मुबारिजखान यांच्यात लढाई झाली. दोघेही मोगल बादशहाचेच सरदार होते. त्यामुळे हे परचक्र नसून मोगल सत्तेतील अंतर्गत युद्ध होते. मुबारिजखान त्यात मारला गेला. निजामाने गावाचे नाव बदलून फत्तेखेर्डा ठेवले. इंग्रजी अमदानीतील नोंदींतही ते आढळते. लोकांच्या तोंडी मात्र साखरखेर्डा हेच नाव टिकून राहिले.

या लढाईचे खरे महत्त्व रणांगणापेक्षा त्यानंतरच्या व्यवहारात आहे. मुबारिजखानाची दक्षिणेच्या सुभेदारीवर नेमणूक स्वतः बादशहा मुहम्मदशहाने केली होती. कायद्याच्या दृष्टीने बंडखोर ठरत होता तो निजाम. तथापि विजयानंतर त्याने स्वातंत्र्य जाहीर केले नाही. मुबारिजखानासच बंडखोर ठरवून त्याने या विजयाबद्दल बादशहाचे अभिनंदन केले. दरबाराजवळ दुसरा उपाय नव्हता. १७२५ मध्ये त्यास 'आसफजाह' हा किताब व दक्षिणेची सुभेदारी मिळाली. परंतु माळवा व गुजरात हे प्रांत त्याच्याकडून काढून घेण्यात आले.

इंग्लंडमध्ये १२६४ च्या ल्युइसच्या लढाईनंतर सायमन द मॉन्टफर्टने राजा तिसरा हेन्री यास ताब्यात ठेवून त्याच्याच नावाने कारभार केला होता. पुढील वर्षी इव्हशॅम येथे तो मारला गेला. निजामाने बादशहास ताब्यात घेण्याचा खटाटोप केला नाही; तो दिल्लीपासून दूर राहिला आणि बादशहाचे नाव तेवढे वापरले. आसफजाही सत्ता १९४८ पर्यंत टिकली, यातच या धोरणाचे यश दिसते.

हैदराबाद मात्र लगेच हाती आले नाही. मुबारिजखानाचा पुत्र ख्वाजा अहमदखान गोवळकोंड्याचा किल्ला धरून बसला. निजामाने त्याच्याशी समेट करून त्यास मनसब दिली. पराभूतांना सामावून घेण्याची ही रीत मोगल परंपरेतीलच होती.

मराठ्यांच्या दृष्टीने परिणाम अधिक गुंतागुंतीचे होते. १७१९ च्या सनदांनी मिळालेला चौथाईचा हक्क मुबारिजखान हैदराबाद सुभ्यात मानत नव्हता, म्हणून पेशवा बाजीरावाने निजामाची बाजू घेतली. काम झाल्यावर ही मैत्री फार काळ टिकली नाही. छत्रपती शाहू व कोल्हापूरचे संभाजी यांच्यातील वादाचे निमित्त करून निजामाने चौथाई अडविली. फेब्रुवारी १७२८ मध्ये पालखेड येथे बाजीरावाने त्यास कोंडीत पकडले आणि मार्चमध्ये मुंगी-शेवगावच्या तहाने हा हक्क त्यास मान्य करावा लागला. निजामाच्या हातून गेलेल्या माळवा व गुजरातेत पुढे मराठ्यांचाच अंमल बसला, ही बाब सहसा दुर्लक्षित राहते.

ज्या भूमीवर हे युद्ध झाले त्या वऱ्हाडच्या वाट्यास काय आले? निजामाचे स्वामित्व व नागपूरकर भोसल्यांची वसुली अशी दुअंमली! एकाच पिकावर दोन सरकारांचे हक्क होते. १८०३ च्या देवगावच्या तहाने भोसल्यांचा वर्धा नदीच्या पश्चिमेकडील हक्क संपला. १८५३ मध्ये वऱ्हाड इंग्रजांच्या कारभाराखाली गेले तेदेखील निजामाशी झालेल्या करारानेच, कारण कागदोपत्री तो प्रांत आसफजाही राज्याचाच होता.