आठच का?

शाळेत इंग्रजीच्या पेपरात एक प्रश्न आला होता. 'बिफोर' हा शब्द तीन वाक्यांत दिलेला, प्रत्येक ठिकाणी त्याची जात ओळखा. मी तिन्हीकडे 'प्रिपोझिशन' ठोकून मोकळा झालो. तीनपैकी एक मार्क! 'बिफोर लंच'मध्ये प्रिपोझिशन, 'बिफोर ही केम'मध्ये कंजंक्शन आणि 'आय हॅव सीन हिम बिफोर'मध्ये ॲडव्हर्ब. का? तर पुस्तकात तसं आहे म्हणून.

तेव्हा मला वाटायचं की पार्ट्स ऑफ स्पीच आठ असणं म्हणजे ग्रह असण्यासारखं काहीतरी आहे, कोणीतरी दुर्बीण लावून मोजलेत. पण ही भानगड बरीच जुनी निघाली, आणि मोजणी इंग्रजीची नव्हतीच.

सुरुवात अलेक्झांड्रियात होते. इसवी सनपूर्व दुसऱ्या शतकातल्या डायोनिसियस थ्रॅक्सच्या नावावर ग्रीक भाषेचं एक छोटं व्याकरण आहे (सगळं त्यानेच लिहिलं का, यावर विद्वानांची भांडणं चालू असतात). त्यात आठ जाती आहेत: नाम, क्रियापद, पार्टिसिपल, आर्टिकल, सर्वनाम, प्रिपोझिशन, ॲडव्हर्ब आणि कंजंक्शन. नीट बघा, यात विशेषण नाही! ग्रीकमध्ये विशेषणही नामासारखंच विभक्तीप्रमाणे चालतं, म्हणून ते नामातच कोंबलेलं.

मग हा साचा रोमला गेला आणि पंचाईत झाली. लॅटिनमध्ये आर्टिकलच नाही, म्हणजे उरले सात. रोमन पंडितांनी काय करावं? ग्रीकमध्ये ॲडव्हर्बच्या पोटात असलेले 'अरेरे', 'अहाहा' छाप उद्गार बाहेर काढले, त्यांची वेगळी जात केली, आणि आठ पूर्ण! आपल्याकडे टेस्ट केस पास व्हावी म्हणून कोडमध्ये करतात, तसलाच प्रकार. चौथ्या शतकातला डोनाटस आणि इसवी सन ५०० च्या आसपासचा प्रिशियन यांच्या पुस्तकांतून हे आठ युरोपभर शेकडो वर्षं घोकले गेले.

१५८६ मध्ये विल्यम बुलोकरने इंग्रजीचं पहिलं छापील व्याकरण काढलं, तेव्हा त्याने हेच लॅटिन आठ उचलले. आता गंमत अशी की इंग्रजीत 'अ' आणि 'द' पावलोपावली लागतात. पण आर्टिकल रोममध्येच गळल्यामुळे त्याला या आठांत जागा नव्हती. पुढे पार्टिसिपलला क्रियापदात ढकललं गेलं आणि विशेषणाची नामातून सुटका झाली. १७६१ मध्ये जोसेफ प्रीस्टलीने (हो, तोच ऑक्सिजनवाला) जे आठ दिले, ते आज शाळेत शिकवतात तेच. लगेच १७६२ मध्ये रॉबर्ट लाउथने आर्टिकल धरून नऊ केले. १७९५ मध्ये आलेल्या लिंडली मरेच्या प्रचंड खपलेल्या पुस्तकातही नऊच. म्हणजे एकमत तेव्हाही नव्हतं.

आपल्याकडे यास्काचार्यांनी निरुक्तात चारच जाती सांगितल्यात: नाम, आख्यात, उपसर्ग, निपात. तरी १८३६ मध्ये दादोबा पांडुरंगांनी मराठीचं व्याकरण लिहिलं, ते बरंचसं इंग्रजी व्याकरणाच्या वळणाने. मराठीतही आर्टिकल नाही, त्यामुळे आपले आठ अगदी बिनबोभाट बसले. आणि माझ्या 'बिफोर'ची कटकटही सोबत आली. 'घरापुढे'मधलं 'पुढे' शब्दयोगी अव्यय, आणि 'पुढे जा'मधलं क्रियाविशेषण!

याला पहिला दमदार आक्षेप मला सापडला तो ओटो येस्पर्सन या डॅनिश पंडिताचा, १९२४ सालचा. त्याचं म्हणणं सरळ आहे. 'मी आंबा खाल्ला' आणि 'मी खाल्लं', दोन्हीकडे 'खाणे' हे क्रियापदच. पुढे कर्म आहे की नाही, यावरून आपण त्याची जात बदलत नाही. मग 'बिफोर'च्या पुढे नाम आलं, वाक्य आलं किंवा काहीच आलं नाही, म्हणून त्याच्या तीन जाती कशाला?

कॉम्प्युटरला इंग्रजी शिकवण्यासाठी १९९० च्या दशकात पेन ट्रीबँक तयार झाली. तिच्यात विरामचिन्हं सोडून ३६ टॅग आहेत. त्यात 'बिफोर लंच' आणि 'बिफोर ही केम' यांना एकच टॅग मिळतो, तिसऱ्याला मात्र ॲडव्हर्बचा. म्हणजे तिथे मला तीनपैकी दोन मार्क मिळाले असते.

आणि २००२ मध्ये हडलस्टन आणि पुलम यांचं अठराशेहून जास्त पानांचं केंब्रिज व्याकरण आलं. त्यात तिन्ही 'बिफोर' प्रिपोझिशन आहेत. तीनपैकी तीन :-)