अध्यक्ष आणि संघटनमंत्री : जनसंघाच्या दिल्लीतील वादांचा इतिहास

भारतीय जनसंघाची स्थापना 21 ऑक्टोबर 1951 रोजी दिल्लीतील राघोमल आर्य कन्या विद्यालयात झाली. या स्थापनेमागे दोन बाजू होत्या आणि दोन्हींची निकड वेगवेगळी होती. श्यामाप्रसाद मुखर्जींनी नेहरू-लियाकत कराराच्या निषेधार्थ एप्रिल 1950 मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळ सोडले होते. हिंदू महासभेशी त्यांचे त्याआधीच बिनसले होते. त्यांच्यापाशी नाव होते, संसदेत वजन होते, पण वस्त्यावस्त्यांत फिरणारी माणसे नव्हती. राष्ट्रीय स्वयंसेवक संघापाशी माणसे होती, पण गांधीहत्येनंतर फेब्रुवारी 1948 मध्ये बंदी आली तेव्हा त्याची बाजू संसदेत घेणारे कोणी नव्हते. जुलै 1949 मध्ये बंदी उठली. संघाने लेखी घटना स्वीकारली आणि आपले काम सांस्कृतिक असल्याचे तीत नोंदवले. त्यामुळे सरसंघचालक गोळवलकरांना संघ उघडपणे पक्षात उतरवता येईना. त्यांनी निवडक प्रचारक मुखर्जींना दिले. दीनदयाळ उपाध्याय, सुंदरसिंह भंडारी आणि नानाजी देशमुख हे त्यांतलेच.

दिल्ली ही या पक्षाला अनुकूल भूमी होती. 1941 मध्ये दिल्ली प्रांताची वस्ती सुमारे 9 लाख होती, ती 1951 मध्ये 17 लाखांवर गेली. वाढ मुख्यतः पश्चिम पंजाबातून आलेल्या निर्वासितांची. करोलबाग, राजेंद्रनगर, पटेलनगर, लाजपतनगर या वस्त्यांत फाळणीचा राग ताजा होता आणि संघाच्या शाखांनी निर्वासितांच्या मदतीत केलेले काम लोकांच्या लक्षात होते. तरीही 1952 च्या दिल्ली विधानसभेत 48 पैकी 5 जागाच पक्षाला मिळाल्या. लोकसभेतही तीनच सदस्य निवडून आले, मात्र मतांची टक्केवारी तीनच्या वर गेल्याने राष्ट्रीय पक्ष ही मान्यता आणि दिवा हे चिन्ह टिकले.

पुढचे वाद समजायचे तर संघटनमंत्री हे पद नीट पाहायला हवे. अध्यक्ष निवडला जाई, भाषणे करी, पत्रके काढी, निवडणूक लढवी. संघटनमंत्री बहुधा प्रचारक असे: अविवाहित, पूर्णवेळ, बरेचदा कार्यालयातच मुक्कामाला. तो निवडणुकीला उभा राहत नसे. सदस्यांच्या याद्या, मंडल समित्या, कोणता कार्यकर्ता कुठे जुंपायचा, हे सगळे त्याच्या हाती. जिल्ह्याचा संघटनमंत्री प्रांताच्या संघटनमंत्र्याशी बोले, प्रांताचा केंद्राशी. निवडून आलेल्या पदाधिकाऱ्यांच्या शेजारून जाणारी ही दुसरी वाट होती. पक्ष बांधण्याच्या दृष्टीने ती फार उपयोगी ठरली, आणि अध्यक्षाचा जीव गुदमरायचा तोही तिच्यामुळेच.

मुखर्जी हयात असेतो हा ताण झाकला गेला. 23 जून 1953 रोजी काश्मीरमध्ये स्थानबद्धतेत त्यांचा मृत्यू झाला आणि पक्षाला त्या तोडीचा दुसरा नेता नव्हता. हंगामी अध्यक्ष झाले दिल्लीचे मौलिचंद्र शर्मा. सनातन धर्म चळवळीतले नामवंत वक्ते पंडित दीनदयाळ शर्मा यांचे ते पुत्र. हिंदू अस्मितेच्या कसोटीवर त्यांच्यात खोट काढणे कठीण होते, पण ते संघाच्या मुशीतून घडलेले नव्हते. जानेवारी 1954 च्या मुंबई अधिवेशनात ते रीतसर अध्यक्ष झाले खरे, पण कार्यकारिणीत कोणाला घ्यायचे यावरून लगेच खटके उडू लागले.

दिल्ली प्रदेश शाखा शर्मांच्या बाजूने उभी राहिली. तिचे अध्यक्ष वैद्य गुरुदत्त हे हिंदीतले खपाचे कादंबरीकार, आणि पेशाने खरोखरीच वैद्य. शर्मांच्या जवळचे मानले जाणारे आणखी एक नाव मराठी वाचकाने लक्षात ठेवण्यासारखे आहे: वसंतराव ओक. संघाचे संस्थापक डॉ. हेडगेवार यांनी 1936 च्या सुमारास त्यांना दिल्लीत पाठवले होते आणि राजधानीतले संघकाम त्यांनीच उभे केले. संघाने राजकारणात पडावे, असे पहिल्यापासून म्हणणाऱ्यांत ते होते. म्हणजे या भांडणात ‘संघाचे’ विरुद्ध ‘बाहेरचे’ अशी सरळ रेघ नव्हती. पक्षाने पक्ष म्हणून स्वतःच्या पायावर चालावे असे वाटणारे लोक संघातही होते.

नोव्हेंबर 1954 च्या आरंभी शर्मांनी राजीनामा दिला आणि एक सविस्तर निवेदन काढले. पदाधिकाऱ्यांच्या नेमणुका, उमेदवारांची निवड आणि धोरण या तिन्हींत संघाचे नेते निर्णायक अधिकार मागतात, मुखर्जीही या मागण्यांनी अस्वस्थ होत, आणि दिल्ली शाखेने असे हुकूम पाळायला एकमुखाने नकार दिला आहे, असा त्याचा आशय होता. सिद्धांतावर त्यात जवळजवळ काहीच नाही. सारी तक्रार अधिकाराची आहे. उत्तर मात्र शिस्तीच्या आणि निष्ठेच्या भाषेत आले. वऱ्हाडचे बापूसाहेब सोहोनी हंगामी अध्यक्ष झाले, दिल्ली शाखेची सूत्रे नव्या हातांत गेली, आणि वर्षअखेरीच्या जोधपूर अधिवेशनासाठी जम्मूचे प्रेमनाथ डोगरा यांची निवड झाली. शर्मा पुढे काँग्रेसमध्ये गेले. त्यांच्या विरोधकांना ‘आम्ही म्हणतच होतो’ असे म्हणायला ते आयते कारण मिळाले.

त्यानंतरची बारा-तेरा वर्षे शांततेची गेली, आणि शांतता कशी राखली गेली हे अध्यक्षांच्या यादीवरून कळते. डोगरा, देवप्रसाद घोष, पितांबर दास, रामाराव, डॉ. रघुवीर, बच्छराज व्यास असे अध्यक्ष येत-जात राहिले. घोष तर तीन वेगवेगळ्या वेळा आले. महामंत्री मात्र डिसेंबर 1952 पासून 1967 पर्यंत एकच, दीनदयाळ उपाध्याय. जानेवारी 1965 च्या विजयवाडा अधिवेशनात एकात्म मानववाद ही पक्षाची अधिकृत भूमिका झाली, तीही त्यांच्याच मांडणीतून.

या रचनेत न मावणारा माणूस बलराज मधोक. 1920 मध्ये स्कर्दूला जन्म, जम्मूच्या प्रजा परिषदेत पुढाकार, फाळणीनंतर दिल्लीत इतिहासाचे अध्यापन, विद्यार्थी परिषदेच्या स्थापनेत वाटा, जनसंघाच्या स्थापनेतही. 1961 च्या पोटनिवडणुकीत ते नवी दिल्लीतून लोकसभेवर गेले. 1966 मध्ये अध्यक्ष झाले आणि त्यांच्याच कारकिर्दीत पक्षाने 1967 ची निवडणूक लढवली. लोकसभेत 35 जागा आल्या. दिल्लीतल्या 7 पैकी 6 पक्षाने जिंकल्या. एकट्या बाह्य दिल्लीने काँग्रेसच्या चौधरी ब्रह्मप्रकाशांना निवडले. मधोक स्वतः दक्षिण दिल्लीतून आले. महानगर परिषदेतही बहुमत मिळाले: विजयकुमार मल्होत्रा मुख्य कार्यकारी पार्षद झाले, लालकृष्ण अडवाणी परिषदेचे सभापती. महापौरपदी प्रांत संघचालक लाला हंसराज गुप्त बसले.

यशाचा अर्थ मात्र प्रत्येकाने आपापला लावला. मधोकांच्या मते देशाला स्पष्ट उजवा पक्ष हवा होता: खासगी उद्योगाच्या बाजूचा, साम्यवादाविरुद्ध ठाम, आणि ‘स्वतंत्र’ पक्षाशी हातमिळवणी करणारा. फेब्रुवारी 1968 मध्ये मुगलसराय स्थानकाजवळ तेव्हा अध्यक्ष असलेल्या उपाध्यायांचा मृतदेह सापडला आणि अध्यक्षपद अटलबिहारी वाजपेयींकडे आले. जुलै 1969 मध्ये इंदिरा गांधींनी 14 बँकांचे राष्ट्रीयीकरण केले. श्रीमंतांचा पक्ष हा शिक्का बसू नये म्हणून वाजपेयींनी पक्षाची भाषा गरिबांच्या बाजूने वळवली, आणि मधोकांना ती काँग्रेसची नक्कल वाटली. 1971 च्या निवडणुकीत पक्ष 22 वर आला, दिल्लीतल्या साती जागा गेल्या, मधोकही पडले. मतपत्रिकांवर रसायन लावून शिक्के उमटवल्याचा आरोप त्यांनी केला, त्यामुळे त्यांचे हसे झाले आणि त्यांच्या बाकीच्या म्हणण्याचेही वजन घटले.

फेब्रुवारी 1973 मध्ये अडवाणी अध्यक्ष झाले आणि कानपूरला अधिवेशन भरले. मधोकांनी कार्यकारिणीपुढे एक लेखी टिपण ठेवले. ते वर्तमानपत्रांत फुटले. त्यातले आर्थिक धोरणावरचे आक्षेप नवे नव्हते, गेली तीन-चार वर्षे ते जाहीरपणे तेच बोलत होते. नवे आणि बोचणारे होते ते दुसरे: संघाचा हस्तक्षेप थांबवावा आणि संघटनमंत्री ही व्यवस्थाच मोडावी. अडवाणींनी त्यांचे सदस्यत्व तीन वर्षांसाठी निलंबित केले. मधोकांच्या दृष्टीने सिद्धांतापासून ढळले होते वाजपेयी. पक्षाबाहेर पडावे लागले मधोकांना. ते भारतीय लोकदलात गेले, आणीबाणीत तुरुंगात गेले, 1979 नंतर जुन्या नावाने जनसंघ चालवत राहिले. ‘जिंदगी का सफर’ या आत्मचरित्रात त्यांनी जुन्या सहकाऱ्यांवर जे आरोप केले, त्यांतले बरेच पुराव्यावाचून आहेत. इतिहासकाराने ते जपून वापरावे. 2 मे 2016 रोजी दिल्लीतच त्यांचे निधन झाले.

1980 चा प्रसंग मधोकांवरील कारवाईशेजारी ठेवून पाहण्याजोगा आहे. जनता पक्षात विलीन झालेल्या जनसंघीयांच्या, पक्ष आणि संघ अशा दुहेरी सदस्यत्वावरून वाद पेटला. एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात जनता पक्षाने संघाशी नाते ठेवायला बंदी केली आणि 6 एप्रिलला फिरोजशहा कोटला मैदानावर भारतीय जनता पक्ष जन्माला आला. अध्यक्ष वाजपेयींनी ‘गांधीवादी समाजवाद’ हे ध्येय जाहीर केले. जुन्या जनसंघीयांच्या पोटात गोळा आला. डिसेंबरच्या मुंबई अधिवेशनासाठी विजयाराजे शिंदे यांनी याविरुद्ध लेखी टिपण दिले, आणि त्यातली तक्रार मधोकांचीच होती: ही काँग्रेसची उसनवारी आहे. समजूत घातल्यावर त्यांनी ते मागे घेतले आणि त्यांच्या उपाध्यक्षपदाला धक्काही लागला नाही. संघटनेला त्यांनी हात घातला नव्हता. उलट 1984 मध्ये पक्षाला लोकसभेच्या दोनच जागा मिळाल्यावर, पुढच्या वर्षी नेमलेल्या कृष्णलाल शर्मा समितीच्या शिफारशीने एकात्म मानववाद पुन्हा मूळ तत्त्व म्हणून आणला गेला. वाजपेयींना त्यासाठी कोणी जाब विचारला नाही.

1993 मध्ये 70 पैकी 49 जागा जिंकून भाजपने दिल्लीची विधानसभा घेतली. त्यानंतरचे भांडण मदनलाल खुराना आणि साहिबसिंह वर्मा यांच्यातले, म्हणजे पंजाबी वस्त्या आणि जाट गावे यांच्यातले अधिक होते. तत्त्वाचा प्रश्न परत आला जून 2005 मध्ये. अडवाणींनी कराचीत जिनांविषयी चार बरे शब्द काढले आणि संघाने नापसंती दर्शवली. त्यांच्यावर जाहीर टीका करणाऱ्या खुरानांची त्याच वर्षी हकालपट्टी झाली, माफीनंतर ते परत आले आणि 2006 मध्ये पुन्हा बाहेर गेले. सप्टेंबर 2005 मध्ये चेन्नईच्या राष्ट्रीय कार्यकारिणीत अडवाणींनी पद सोडण्याचे जाहीर केले, आणि संघाच्या संमतीवाचून पक्षात निर्णयच होत नाही असा समज पसरला आहे, तो दोघांनाही हिताचा नाही, असे सुनावले. मौलिचंद्र शर्मांनी 1954 मध्ये मांडलेली तक्रार आता मधोकांवर कारवाई करणाऱ्याच्या तोंडी आली होती. डिसेंबरमध्ये राजनाथ सिंह अध्यक्ष झाले. अडवाणी मात्र लोकसभेत विरोधी पक्षनेते राहिले, आणि 2009 मध्ये पंतप्रधानपदासाठी पक्षाने त्यांचेच नाव पुढे केले.