भयाचा आस्वाद आणि 'तुंबाड'चे दोन प्रेक्षक

राही अनिल बर्वे दिग्दर्शित 'तुंबाड' हा हिंदी चित्रपट १२ ऑक्टोबर २०१८ रोजी प्रदर्शित झाला. त्याआधी ऑगस्टअखेरीस तो व्हेनिसच्या महोत्सवात समीक्षक-सप्ताहाचा उद्घाटनपट म्हणून दाखवला गेला होता. पुढे छायाचित्रण, कलादिग्दर्शन आणि ध्वनिसंयोजन यांसाठी त्याला फिल्मफेअर पारितोषिकेही मिळाली. चित्रपटगृहांत मात्र त्याचे उत्पन्न साडेतेरा कोटींच्या आसपास थांबले. १३ सप्टेंबर २०२४ रोजी तोच चित्रपट पुन्हा चित्रपटगृहांत आला आणि त्याने तीस कोटींहून अधिक उत्पन्न मिळवले. मधल्या सहा वर्षांत कृतीतले एक दृश्यही बदलले नव्हते. बदलला होता तो प्रेक्षक. कलाकृतीचा इतिहास तिच्या निर्मितीपाशी संपत नाही, तिच्या ग्रहणाचाही स्वतंत्र इतिहास असतो, हे हान्स रॉबर्ट याउस यांचे १९६७ मधील प्रतिपादन मराठी समीक्षेला आता अपरिचित नाही. तथापि 'अपेक्षांचे क्षितिज' ही त्यांची संकल्पना आपल्याकडे बहुधा प्रतिष्ठित ग्रंथांपुरतीच वापरली गेली. भयपटासारख्या, समीक्षेने उंबऱ्याबाहेर ठेवलेल्या प्रकाराला ती लावून पाहिली की काही अडचणीचे प्रश्न पुढे येतात.

हा प्रकार उंबऱ्याबाहेर का राहिला, याचे एक कारण आपल्या साहित्यशास्त्रातच आहे. भरताने भयानकाला आठ रसांत स्थान दिले, पण भय या स्थायीभावाची सांगड स्त्रिया आणि नीच प्रकृतीची पात्रे यांच्याशी घातली. उत्तम प्रकृतीचा पुरुष भ्यालाच, तर गुरूपुढे किंवा राजापुढे, आणि तेही विनयाचा भाग म्हणून. के. ना. वाटवे यांच्या 'रसविमर्शा'पासून रसचर्चेची जी आधुनिक मराठी परंपरा सुरू झाली, तिनेही शृंगार, करुण आणि शांत यांवर जितका विचार खर्च केला तितका भयानकावर केला नाही. वास्तविक अभिनवगुप्ताने साधारणीकरणाचे विवेचन करताना उदाहरण घेतले ते भयाचेच. 'शाकुंतला'च्या आरंभी दुष्यंताच्या बाणापुढे धावणाऱ्या हरिणाचे भय हे त्या हरिणाचे राहत नाही, पाहणाऱ्याचेही होत नाही. देश, काल आणि व्यक्ती यांच्या मर्यादांतून सुटलेले केवळ भय उरते. रससिद्धान्तातील सर्वांत सूक्ष्म युक्तिवाद ज्या भावाच्या आधारे उभा राहिला, त्याच भावाला समीक्षेने करमणुकीच्या खात्यात टाकावे, ही विसंगती लक्षात घेण्याजोगी आहे.

हिंदी चित्रपटाने आपल्या प्रेक्षकाला भिण्याच्या ज्या सवयी लावल्या, त्या टप्प्याटप्प्याने लावल्या. कमाल अमरोहींचा 'महल' (१९४९), 'बीस साल बाद' (१९६२), 'वह कौन थी?' (१९६४) यांत पांढऱ्या वस्त्रातील स्त्री, धुके आणि दुरून येणारे गाणे असे, पण अखेरीस भुताचा उलगडा मानवी कारस्थानात होत असे. प्रेक्षक भिऊन घेई आणि विवेक शाबूत ठेवून घरी जाई. त्झ्वेतान तोदोरोव्ह यांच्या परिभाषेत सांगायचे तर हे 'अद्भुत' नव्हे. येथे संशयाचा निकाल शेवटी बुद्धीच्या बाजूने लागत असे. रामसे बंधूंनी हा करार मोडला. 'दो गज जमीन के नीचे' (१९७२) पासून सुरू झालेली त्यांची परंपरा 'पुराना मंदिर' (१९८४) आणि 'वीराना' (१९८८) यांतून स्थिरावली. तेथे राक्षस खरा असतो आणि त्याचा नाश त्रिशूळाने होतो. रायगड जिल्ह्यातील मुरूडचा नवाबाचा राजवाडा या मंडळींच्या कामी आला, आणि कोकणच्या किनाऱ्यावरील एका संस्थानी वास्तूला हिंदी भाषक प्रेक्षकाच्या मनात निनावी 'पुरानी हवेली'चे रूप मिळाले. 'तुंबाड'च्या वाड्याचे काय झाले हे पाहताना ही गोष्ट आठवणे आवश्यक आहे.

रामसेपटांचा प्रेक्षक किंचाळत असे तसाच हसतही असे, आणि त्याच्या दृष्टीने या दोन क्रिया परस्परविरोधी नव्हत्या. राम गोपाल वर्मा यांनी 'रात' (१९९२) आणि 'भूत' (२००३) मध्ये हवेली काढून टाकून भूत शहरी सदनिकेत आणले, तेव्हा या हसण्याला जागा उरली नाही. त्यांच्याच 'फूंक'च्या (२००८) वेळी चित्रपटगृहात एकट्याने बसून तो पाहणाऱ्याला पाच लाख रुपयांचे आव्हान जाहीर झाले होते. हा जाहिरातीचा प्रकार होता हे उघडच आहे. पण त्यातून भयपटाच्या यशाची कसोटी कोणती मानली गेली हे कळते. प्रेक्षकाचे शरीर किती दचकते, एवढीच ती कसोटी. २०१८ च्या ऑगस्टमध्ये आलेल्या 'स्त्री'ने हसण्याला पुन्हा मान्यता दिली आणि भय व विनोद यांचे मिश्रण हा यशाचा नवा नमुना ठरला. त्यानंतर अवघ्या सहा आठवड्यांनी 'तुंबाड' आला.

या क्षितिजावर तो बसत नव्हता. तो पुरेसा दचकवत नाही, हे भीतीपेक्षा लोभाचे आख्यान आहे, अशी तक्रार त्या वेळी झाली, आणि विशेष म्हणजे प्रशंसाही नेमक्या याच शब्दांत झाली. १९१८, १९३३ आणि १९४७ अशा तीन कालखंडांत विभागलेल्या या कथेत सरकारांच्या अनौरस मुलाला, विनायकाला, वाड्यातील खजिन्याचे रहस्य कळते. पूर्तीच्या देवीचा पहिला पुत्र हस्तर सोन्याचा धनी आहे, पण धान्याला वंचित आहे. पिठाची बाहुली टाकून त्याला भुलवायचे आणि तेवढ्या वेळात त्याच्या लंगोटातील मोहरा काढून घ्यायच्या, हा विनायकाचा धंदा होतो. धंदा हा शब्द येथे शब्दशः घ्यायला हवा. विवरात उतरणे हे त्याच्यासाठी साहस नसून नोकरीवर जाण्यासारखे नित्यकर्म आहे, आणि मुलालाही तो तेच शिकवतो. अशा रचनेत भय हा स्थायी राहत नाही, संचारी होतो. स्थायीच्या जागी लोभ येतो; आणि लोभाला रसव्यवस्थेत जागा नाही. २०१८ च्या प्रेक्षकाची अडचण ही अशी शास्त्रालाही न सुटलेली अडचण होती.

मराठी प्रेक्षकाचे क्षितिज याहून निराळे होते, आणि अधिक गुंतागुंतीचेही. शीर्षक श्री. ना. पेंडसे यांच्या 'तुंबाडचे खोत' (१९८७) या द्विखंडात्मक कादंबरीवरून घेतलेले. जगबुडीच्या काठचे, खेड तालुक्यातील तुंबाड हे प्रत्यक्षातील गाव त्या कादंबरीने मराठी वाचकाच्या नकाशावर कायमचे कोरून ठेवलेले. त्यामुळे नावावरून अपेक्षा निर्माण झाली ती खोतांच्या पिढ्यांची, आणि पडद्यावर दिसला तो सासवडचा वाडा व अखंड कोसळणारा पाऊस. पेंडशांशी कथेचे नाते नाही, असे म्हणून हा विषय संपवता येतो. पण ते पुरते खरे नाही. जमिनीवरील वंशपरंपरागत हक्क, त्यातून आलेला माज आणि त्याची घराण्याला लागणारी कीड हे पेंडशांचे द्रव्य आहे. चित्रपटाच्या तिसऱ्या भागात, स्वातंत्र्यानंतर वाडा शासनाकडे जाणार या वार्तेने विनायकाची घाई वाढते. मुंबई राज्याचा खोती नष्ट करणारा कायदा १९४९ चा आहे. भयकथेच्या आवरणाखाली एका सरंजामी उत्पन्नाचा अखेरचा हंगाम येथे दिसतो, आणि कोकणाशी नाते असलेल्या प्रेक्षकाला तो ओळखू येणे स्वाभाविक होते.

दुसरा धागा नारायण धारप (१९२५–२००८) यांचा. १९९३ मध्ये एका मित्राने सांगितलेली धारपांची कथा हे या चित्रपटाचे बीज, असे बर्वे यांनी सांगितले आहे. धारपांच्या 'आजी' या कथेचे मूळ स्टीफन किंग यांच्या 'ग्रॅमा' (१९८४) मध्ये आहे. घरात एकटा राहिलेला मुलगा आणि खाटेवरची भयंकर म्हातारी, हा प्रसंग अमेरिकेतून पुण्याच्या लेखकाच्या टेबलावर, तेथून मित्रांच्या तोंडी कथनात आणि तेथून हिंदी पडद्यावर आला. या प्रवासाकडे 'उचल' म्हणून पाहण्याची सवय मराठी समीक्षेला आहे. धारपांच्या 'लुचाई'कडेही ती तशीच पाहत आली. पण कर्जाऊ आणलेल्या भयाला मराठी घराची माजघरे, देवघरे आणि अंधाऱ्या खोल्या देताना धारपांनी काय केले, याचे विवेचन कोणत्याही गंभीर नियतकालिकाने त्यांच्या हयातीत सातत्याने करायला हवे होते. वाचनालयांतून त्यांची पुस्तके फिरत राहिली आणि समीक्षा दुसरीकडे पाहत राहिली. हिंदी चित्रपट पाहून धारपांकडे वळलेला नवा वाचक ही 'तुंबाड'च्या ग्रहणेतिहासातील एक उपकथा आहे, आणि मराठी समीक्षेला ती फारशी भूषणावह नाही. दिग्दर्शक 'थँक यू मिस्टर ग्लाड' आणि 'हमीदाबाईची कोठी'चे लेखक अनिल बर्वे यांचे पुत्र आहेत, हेही मराठी वाचकाला ठाऊक होते. त्या ठाऊक असण्यामुळे आपुलकी वाढली, आकलन वाढलेच असे नाही.

सर्वांत विलक्षण प्रतिक्रिया हस्तराविषयीची होती. असंख्य प्रेक्षकांनी त्याला एखाद्या विसरलेल्या पुराणातील, कोकणातल्या एखाद्या लुप्त दैवतपरंपरेतील देव मानले. त्याची मंदिरे कोठे आहेत, अशी विचारणा झाली. वस्तुतः हस्तर हा या चित्रपटाचाच देव आहे. अँब्रोज बिअर्स यांच्या कथेतून रॉबर्ट चेंबर्स यांच्याकडे आणि पुढे लव्हक्राफ्ट यांच्याकडे गेलेल्या 'हस्तुर' या नावाशी त्याचे साम्य लक्षात येते, पण कोकणातील देवचार, राखणदार, वेताळ, खवीस यांच्या मेळ्यात तो कधी नव्हता. मग त्याला जुनेपण आले कोठून? उत्तर पिठाच्या बाहुलीत आहे. उतारा, भाताचा मुटका, कणकेचा दिवा, पिंड या सर्वांत अन्नाचे सोंग करून अदृश्याला भुलवण्याची क्रिया आहे. देव कल्पित आहे, पण त्याच्यापुढे ठेवलेला नैवेद्य खरा आहे. प्रेक्षकाने आधी तो नैवेद्य ओळखला, आणि त्यावरून देवही ओळखीचा असणार असे गृहीत धरले. २०२४ च्या जूनमध्ये आलेल्या 'मुंज्या'शी तुलना केली म्हणजे हे अधिक स्पष्ट होते. मुंजा हा खरोखरीचा लोकविश्वास, सोडमुंजीपूर्वी मेलेल्या बटूचा पिंपळावरचा आत्मा. त्याच्या वाट्याला प्रेक्षकांचे हसू आले. काल निर्माण झालेल्या हस्तराच्या वाट्याला मात्र आदरयुक्त धाक आला.

गुप्तधनाची कथा महाराष्ट्रात केवळ कथा नाही, हेही येथे नोंदवले पाहिजे. १९७२ ते १९७४ या काळात परभणी जिल्ह्यातील मानवत येथे लहान मुली आणि स्त्रिया यांच्या ज्या हत्या झाल्या, त्यांमागे पिंपळावरचा मुंजा आणि पुरलेले धन यांविषयीच्या समजुती होत्या. नरबळी व जादूटोणा यांविरुद्धचा २०१३ चा कायदा याच भूमीत करावा लागला. 'तुंबाड' लोभाला शासन करतो, पण खजिना खरा असल्याचे आधी मान्य करतो. या मान्यतेवर आक्षेप घेता येईल. तो घेणारा समीक्षक अरसिक ठरवला जाऊ नये, इतका मानवतचा इतिहास ताजा आहे.

आणखी एक प्रेक्षक आहे, त्याचा विचार भयपटाच्या चर्चेत होत नाही. पनवेलहून माथेरानच्या पायथ्याकडे जाताना लागणाऱ्या नेरे या गावी कुष्ठरोग निवारण समितीचे 'शांतिवन' आहे. रोग बरा झाल्यावरही समाजाने परत न घेतलेल्या माणसांच्या पुनर्वसनाचे काम तेथे चालत आले. 'तुंबाड'मधील शाप म्हणजे मृत्यू नव्हे. हस्तराचा स्पर्श झालेला देह सडतो, गळतो आणि तरी मरत नाही. साखळदंडाने बांधलेली, खोलीत कोंडलेली ती वृद्धा पंधरा वर्षांनी विनायकाला भेटते तेव्हा तिच्या देहातून झाड उगवलेले असते. पडद्यावरच्या या प्रतिमेला बीभत्स म्हणून शाबासकी देताना तिचा पूर्वज कोणता, हे विचारले जात नाही. पाप, स्पर्श, झडणारे अवयव, घरातली बंद खोली : महारोग्याविषयीच्या भारतीय कल्पनेची हीच चार अंगे आहेत. १८९८ चा कुष्ठरोग्यांविषयीचा कायदा २०१६ मध्ये रद्द झाला, आणि कुष्ठरोग हे घटस्फोटाचे कारण विविध व्यक्तिगत कायद्यांतून २०१९ मध्ये, म्हणजे 'तुंबाड'च्या प्रथम प्रदर्शनानंतर, वगळले गेले. पनवेलच्या चित्रपटगृहापासून नेरे फार दूर नाही. साधारणीकरणाचा सिद्धान्त सांगतो की भय कोणाचेच राहत नाही. पण बोटे गमावलेल्या हातांचा प्रेक्षक त्या खोलीकडे पाहताना विनायकाच्या बाजूने पाहील की साखळीच्या बाजूने, याचे उत्तर त्या सिद्धान्तात नाही.

चित्रपटाच्या बाजूने एक गोष्ट सांगायला हवी. त्या वृद्धेला तो केवळ राक्षसी म्हणून सोडून देत नाही. ती बोलते, सौदा करते, आणि जाळून मुक्त करण्याची अट घालते. शेवटी मुलगा शापित बापाने देऊ केलेले सोने नाकारतो आणि त्यालाही अग्नी देतो, तेव्हा ते कृत्य सुटकेसाठी केलेल्या राक्षसवधापेक्षा अंत्यसंस्काराच्या अधिक जवळ जाते. बीभत्सातून करुणाकडे जाणारी ही वाट आहे, आणि रामसेंच्या त्रिशूळाला ती कधी सापडली नव्हती.

२०२४ मध्ये जो प्रेक्षक आला, त्याने हा चित्रपट बहुतांशी घरच्या पडद्यावर आधी पाहिलेला होता किंवा त्याविषयी इतके ऐकले होते की कथेत रहस्य उरले नव्हते. तो दचकायला आला नव्हता. न पाहिल्याची चुटपुट मिटवण्यासाठी, आणि एका उपेक्षित कृतीला न्याय देणाऱ्यांत आपण असावे यासाठी तो आला होता. रसास्वादात अशा नैतिक समाधानाला काय स्थान द्यायचे, हा प्रश्न उघडा आहे. नुकताच येऊन गेलेला 'स्त्री २' या प्रेक्षकाने हसत पाहिला होता. त्यानंतर अंधाऱ्या सभागृहात अनोळखी माणसांसोबत गप्प बसून पाऊस ऐकणे, हाच या वेळचा अनुभव होता. छोट्या पडद्यावर पंकज कुमार यांच्या छायाचित्रणातील अंधार करडा दिसतो. चित्रपटगृहात तो काळा होता, आणि कंदिलाच्या उजेडात विवराच्या मांसल भिंती पहिल्यांदाच पुरत्या दिसल्या.