फुटपाथवरची टेबलं आणि कम्युनिटी बोर्ड

जून २०२०. न्यूयॉर्कमध्ये हॉटेलात आत बसून जेवायला बंदी होती, धंदा ठप्प. तेव्हा शहराने मालकांना फुटपाथवर आणि रस्त्याकडेच्या पार्किंगच्या जागेत टेबलं मांडू दिली. करोनाआधी फुटपाथवर टेबलं मांडायची, तर अर्ज स्थानिक कम्युनिटी बोर्डापुढे जायचा. बोर्डाचं मत फक्त सल्ला असे, पण रहिवाशांना बोलायची जागा मिळायची. आता मालकाने ऑनलाइन फॉर्म भरला की झालं!

त्या वेळी हे गरजेचंच होतं. पण निर्बंध उठले तरी टेबलं हलेनात. लोअर ईस्ट साइडसारख्या भागांत वाद पेटला. रहिवासी म्हणत, रात्रभर गोंगाट, उंदीर, चालायला जागा नाही. मालक विचारत, नोकऱ्यांचं काय? काही रहिवासी तर कोर्टात गेले.

तुम्ही म्हणाल, भांडण आवाजाचं दिसतंय. मला त्यामागे आणखी एक दुखणं दिसतं: घाईत गाळलेली ती सल्ल्याची पायरी.

२०२३च्या कायद्याने मधला मार्ग काढला. रस्त्यावरची टेबलं एप्रिल ते नोव्हेंबर, फुटपाथवरची वर्षभर. आणि अर्ज पुन्हा बोर्डाकडे जाऊ लागले. तेव्हा कुठलाही 'तात्पुरता' नियम आला, की एवढं बघा: त्यात कोणाला विचारायचं राहून गेलं?