लैंगिक आरोग्य व तपासणी : तरुणांनी माहीत करून घ्यायच्या गोष्टी

मार्च १९२७ मध्ये महाडला चवदार तळ्याचा सत्याग्रह झाला. त्याच वर्षी जुलैमध्ये र. धों. कर्वे यांनी मुंबईत 'समाजस्वास्थ्य' मासिक सुरू केले. लैंगिक आरोग्याबद्दल वाचकांनी विचारलेल्या प्रश्नांना ते त्यातून उघड उत्तरे देत. या उत्तरांवरून १९३४ मध्ये त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला भरला गेला, तेव्हा बाबासाहेबांनी त्यांचे वकीलपत्र घेतले. लैंगिक विषयावर लिहिले म्हणून लिखाण अश्लील ठरत नाही, असा त्यांच्या युक्तिवादाचा रोख होता. कोर्टाने तो मानला नाही आणि कर्व्यांना दंड झाला. पुढे १९३८ मध्ये स्वतंत्र मजूर पक्षाने मुंबई विधिमंडळात संततिनियमनाचा ठराव मांडला.

ही परंपरा आपली आहे. तरीही महाड तालुक्यातल्या तुडीलसारख्या गावात आजही या आजारांना 'गुप्तरोग' म्हणतात, आणि नावाप्रमाणेच ते लपवले जातात. कामासाठी मुंबईला राहणारा तरुण त्रास अंगावर काढतो, लग्न झालेली मुलगी कोणाला सांगू शकत नाही. म्हणून आम्ही इथे आवश्यक माहिती एकत्र देत आहोत.

बचाव

निरोध (कंडोम) योग्य रीतीने व प्रत्येक वेळी वापरला, तर एचआयव्ही, परमा (गनोरिया) आणि नको असलेली गर्भधारणा यांचा धोका खूप कमी होतो. मुदत संपल्याची तारीख पाहा. एक निरोध एकदाच वापरा. तेल किंवा व्हॅसलीन लावल्यास रबर फाटू शकते. सरकारी आरोग्य केंद्रात निरोध मोफत मिळतो. गर्भनिरोधक गोळ्यांनी गर्भ टळतो, संसर्ग टळत नाही. कावीळ ब आणि एचपीव्ही यांवर लस आहे. आणि सर्वांत आधी, दोघांची मनापासून संमती हवी. लग्न झालेल्यांनाही हे लागू आहे.

तपासणी कधी करावी

जखम, स्राव, लघवीला जळजळ अशी लक्षणे दिसली तर लगेच. मात्र अनेक संसर्गांत लक्षणेच दिसत नाहीत. त्यामुळे निरोधाशिवाय संबंध आला असेल, नवीन जोडीदार असेल किंवा लग्न ठरले असेल, तर दोघांनीही तपासणी करावी.

एचआयव्हीचा संसर्ग रक्तात लगेच दिसत नाही. पहिली चाचणी निगेटिव्ह आली तरी तीन महिन्यांनी पुन्हा करावी. संसर्गाचा दाट संशय असेल तर ७२ तासांच्या आत डॉक्टरांना गाठा. २८ दिवसांच्या गोळ्यांनी एचआयव्ही टळू शकतो, पण त्या जितक्या लवकर सुरू होतील तितके चांगले.

कुठे करावी

सरकारी रुग्णालयांतील आयसीटीसी केंद्रात एचआयव्ही चाचणी व समुपदेशन मोफत असते. सिफिलिस (गरमी) आणि इतर लैंगिक आजारांसाठी 'सुरक्षा क्लिनिक' असते. महाडला ओळखीचे कोणी भेटेल अशी भीती वाटत असेल, तर अलिबाग, पनवेल किंवा मुंबईच्या सरकारी रुग्णालयात जा. माहितीसाठी १०९७ हा मोफत क्रमांक आहे.

तुमचा हक्क

२०१७ चा एचआयव्ही-एड्स कायदा १० सप्टेंबर २०१८ पासून लागू आहे. त्यानुसार तुमच्या संमतीशिवाय चाचणी करता येत नाही. एचआयव्ही आहे म्हणून नोकरी, शिक्षण किंवा भाड्याचे घर नाकारणे बेकायदेशीर आहे. तुमचा अहवाल गुप्त ठेवणे केंद्राला बंधनकारक आहे. १८ वर्षे पूर्ण असतील तर पालकांची परवानगी लागत नाही.

पॉझिटिव्ह आल्यास

सिफिलिस आणि परमा औषधाने बरे होतात. जोडीदारानेही उपचार घेतले पाहिजेत, नाहीतर आजार परत येतो. एचआयव्ही पूर्ण बरा होत नाही, पण एआरटीची औषधे २००४ पासून सरकारी केंद्रांत मोफत मिळतात. ती नियमित घेऊन रक्तातला विषाणू चाचणीत सापडणार नाही इतका कमी राहिला, तर शारीरिक संबंधातून तो जोडीदाराला होत नाही. अशी माणसे नोकरी, संसार सगळे करतात.

कार्यकर्त्यांना आमची विनंती आहे. विहारात रक्तदान शिबिर आपण घेतोच. पुढच्या वेळी आयसीटीसीच्या समुपदेशकालाही बोलवा, आणि मुलामुलींना नाव न लिहिता चिठ्ठीवर प्रश्न विचारू द्या. कोणाला आजार झाला तर त्याच्या चारित्र्याची चर्चा करू नका, त्याच्यासोबत दवाखान्यात जा.