राजपुत्र रासेलस आणि दरेकशाचा डोंगर

गोंदिया जिल्ह्यात, सालेकसा तालुक्यात, छत्तीसगडच्या सीमेला टेकलेलं दरेकसा नावाचं गाव आहे. जवळच हाजरा धबधबा, गोंड समाजाचं कचारगड, आणि डोंगर पोखरून जाणारी मुंबई-हावडा रेल्वे. या गावाचा विचार केला की मला हटकून डॉ. सॅम्युएल जॉन्सनची 'रासेलस' आठवते.

छोटीशीच कादंबरी. अबिसीनियाचा राजपुत्र चहूकडून डोंगरांनी वेढलेल्या दरीत राहतो. सगळी सुखं हाताशी आहेत, तरी मन रमत नाही. शेवटी इम्लाक नावाच्या कवीला सोबत घेऊन तो चक्क डोंगर फोडून वाट काढतो आणि बहिणीसह कैरोला जातो. सुखी कोण, हे तिथे श्रीमंतांना, विद्वानांना, संन्याशांना विचारतो. नेमकं उत्तर कुणाकडेच नसतं! जॉन्सननं हे पुस्तक १७५९ साली लिहिलं, आईच्या अंत्यविधीचा खर्च भागवायला, आणि तेही आठवड्याभराच्या संध्याकाळी बसून, असं त्याचा चरित्रकार बॉस्वेल सांगतो.

आता आपल्याकडची गंमत. कृष्णशास्त्री चिपळूणकरांनी याचं मराठी भाषांतर हाती घेतलं, पण ते अर्धवट राहिलं. ते पुरं केलं मुलानं, विष्णुशास्त्र्यांनी. साल १८७३, वय अवघं तेवीस. पुढच्याच वर्षी 'निबंधमाला' सुरू झाली आणि तिच्यात जॉन्सनवर लांबलचक लेखही आला. स्वतः सरकारी शाळेत शिक्षक असलेला, इंग्रजीची थोरवी मानणारा हा माणूस. जानेवारी १८८० मध्ये पुण्यात न्यू इंग्लिश स्कूल काढणाऱ्यांत तो होता. तरीही आवडलेली इंग्रजी गोष्ट मराठीत आणायचे कष्ट त्याला टाळावेसे वाटले नाहीत. मला तरी यातच सगळं आलं असं वाटतं.

महाराष्ट्रात २००० साली पहिलीपासून इंग्रजी आलं. त्याआधी आम्हाला पाचवीत भेटायचं. पण दरेकशाच्या बाजूच्या पोराची चढण त्याहून मोठी. घरी गोंडी नाहीतर छत्तीसगढी, बाजारात हिंदी, शाळेत मराठी, आणि त्यावर इंग्रजी. सातवीच्या तासाला त्याच्यापुढे 'रासेलस' ठेवलं, तर शब्दार्थ लिहिण्यातच तास संपेल. आणि गोष्ट? ती पुस्तकातच राहील.

खरं तर ही गोष्ट त्याला पुण्या-मुंबईच्या मुलापेक्षा लवकर कळावी. डोंगराआड काय आहे, गाव सोडावं का, सोडून सुख मिळतं का, हे प्रश्न त्याच्या घरात रोजचे आहेत. नागपूरला जाणारी आणि रायपूरला जाणारी गाडी त्याला दारातून दिसते. कुणीतरी आधी त्याच्या बोलीत ही गोष्ट सांगायला हवी. मग इंग्रजी वाक्यं तो आपणहून शोधत येईल. चिपळूणकर बापलेकांनी मराठी पोरांसाठी जे केलं, ते गोंडी पोरांसाठी करणारा कुणी मास्तर हवा.

असो. तुम्ही शाळेत वाचलेली पहिली इंग्रजी गोष्ट कुठली? आणि ती खरी कळली कुठल्या भाषेत?